राण्यांचा डोह

माझं तोंड फाटकं आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी नाकं मुरडायला नकोत. वीस वर्षं मासळीबाजारात मासे कापतेय. ओट्यावर लाकडाचा ठोकळा, हातात सुरी, मोठ्या माशाला कोयता आणि पायाखाली दिवसभर लालसर पाणी. इथे गोड बोलून भागत नाही. बाजारात सगळे मला मावशी म्हणतात. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला वजन करणारा काटेवालासुद्धा मावशीच म्हणतो, मेला.

मला एकच विद्या येते. मासा कसा मेला ते मी त्याला उघडून सांगते. जाळ्यातला मासा तडफडून मरतो, त्याच्या कल्ल्यांशी दोऱ्याचे वळ असतात, खवले निघालेले असतात. सुरुंगाने मेलेला मासा बाहेरून नवरदेवासारखा चकचकीत. आत बघावं तर कण्याला काळं रक्त थिजलेलं, हवेची पिशवी फाटलेली, मणका बोटाने उचलला की दोन तुकडे. आणि पाण्यात सुरुंगाची कांडी फुटली की एकटा मोठा मासा मरत नाही. बोटाएवढी पिल्लं, अंडी, खेकडे, कासवं, गोगलगायी, त्या पाण्यात जे जे म्हणून जिवंत आहे ते सगळं मरतं. निम्मं तळाला जाऊन कुजतं. माझ्या सुरीला एके काळी तीस जातींची हाडं पाठ होती. गेल्या वर्षी मोजल्या तर नऊ भरल्या.

आमचा बाप जाळं टाकायचा. शाळेत गेला नाही, पण नदीकडे बघत बसायचा तासन्‌तास. आई म्हणायची, एवढं माझ्याकडे बघितलं असतंत तर संसार झाला असता. कड्याखाली नदी वळते तिथे एक डोह आहे. पाणी वाढायच्या आधी, वर्षातून आठ-दहा दिवस, सगळ्या जातींच्या मोठ्या माद्या तिथे जमतात आणि मग वर जाऊन अंडी घालतात. तरुणपणी बापाने आणि त्याच्या मित्रांनी एकदा तो डोह जाळ्याने धुऊन काढला होता. नावा बुडेपर्यंत मासे भरले. पुढची तीन वर्षं जाळ्यात नुसतं शेवाळ आलं. तेव्हा बापाच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने नियम केला: माशाला हात लावायचा, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. त्याहून लांब भरली तर ती राणी. राणी परत पाण्यात. जग लहान मासा सोडतं आणि मोठा घरी नेतं, आम्ही मोठा सोडायचो. लोक हसले. बाप म्हणायचा, “लहानीच्या पोटात मूठभर अंडी आणि मोठीच्या पोटात टोपलीभर, मी उघडून बघितलंय, तुम्ही हसा.” दहा वर्षांत सगळा काठ हात लावायला लागला.

मग वरच्या अंगाला दगडाची खाण निघाली आणि कांड्या लोकांच्या हाताला लागल्या. एका कांडीत सकाळ वसूल. जाळं विणायला नको, थंडीत उभं राहायला नको. जाळेवाल्यांचे हाल कुत्रं खाईना. शेवटी बाजारात बैठक बसली. कांडीचा मासा बाजारात घ्यायचा नाही असं ठरलं. पण ओळखायचा कसा? सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. मी म्हटलं, प्रत्येक पेटीतला तळाचा एक मासा मी उघडणार. चांगला निघाला तर पेटीला निळी दोरी बांधणार. निळी दोरी नसलेली पेटी कुणी घ्यायची नाही. आणि कांडीचा निघाला तर? हमालांच्या मुकादमाने विचारलं. माझ्याच या तोंडातून निघालं, “पेटी गटारात. आणि अकरा हमाल आहात, प्रत्येकाने एकेक फळी हाणायची. बस.”

टाळ्या पडल्या. मला लाज वाटत नाही सांगायला, मला ते फार आवडलं होतं.

पहिला सापडला तो शिट्टी. सारखा शिट्ट्या मारत फिरायचा म्हणून त्याचं ते नाव. पोरगा वाईट नव्हता. मी तळाचा मासा घेतला, पोट फाडलं, मणका उचलला, तो मोडका निघाला. मी सुरी ठोकळ्यावर आपटली आणि ओरडले, “कांडी!” शिट्टीची बोबडी वळली. “मावशी, बघ ना परत, मावशी,” करत माझ्या कमरेच्या फडक्याला धरायला लागला. मी फडकं सोडवून घेतलं. हमालांनी त्याला बर्फाच्या हौदाला टेकवून उभं केलं. पहिल्या चार फळ्या पाठीवर बसल्या. पाचवीला तो वळला आणि फळी तोंडावर आली. चार दात ओट्यावर पडले, माझ्या पायापाशी, माशांच्या खवल्यांत. तरी पुढच्या सहा झाल्याच. नियम म्हणजे नियम. त्याची बायको दाराशी उभी राहून किंचाळत होती आणि मी पाण्याची बादली ओतून ओटा धुतला, कारण गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

त्यानंतर शिट्टीची शिट्टी ऐकू आली नाही. बाजारात चार दिवस त्याचीच थट्टा चालली होती. मीही हसले.

दुसरा एक म्हातारा सापडला. त्या वेळी अकरा फळ्यांवर कुणी थांबलं नाही. भाजीवाले आले, रिक्षावाले आले, ज्यांचा माशांशी काही संबंध नाही असेही हात धुऊन घ्यायला आले. मी “पुरे, पुरे” म्हणत होते, कोण ऐकतंय? म्हाताऱ्याचा एक डोळा गेला. हमालांचा मुकादम घाम पुसत म्हणाला, “पुढच्याला जिवंत सोडणार नाही, मावशी.” त्याला वाटलं मला बरं वाटेल.

आता माझ्या भावाचं. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि मी पंधराची. त्याला न्हाऊ घातलं, शेंबूड पुसला, पहिलं जाळं मी हातात दिलं. बाजारात त्याला धाकटा म्हणतात. चाळिशी येत आली तरी धाकटाच. जाळ्यात काही मिळेना म्हणून तो खाणीत कामाला लागला होता, अधूनमधून पेटी आणायचा. म्हाताऱ्याचा डोळा गेला त्यानंतर आठ दिवसांनी त्याने पेटी आणली आणि माझ्यापुढे ठेवली. “ताई, आज लॉटरी लागली बघ.”

मी सवयीने तळात हात घातला. मासा उघडला. कण्यावर काळं रक्त होतं.

मान वर केली तर तो माझ्याकडे बघत होता आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते. मागे मुकादम फळीला टेकून उभा. चार पावलांवर. सगळा बाजार माझ्या तोंडाकडे बघत असतो त्या क्षणी, ही सवय मीच लावली होती. मी अंगठ्याने ते रक्त पुसलं, मासा उलटा ठेवला आणि म्हटलं, “चांगला आहे.” निळी दोरी बांधली. गाठ दोनदा सुटली.

संध्याकाळी त्याच्या घरी गेले. त्याची बायको चहा ठेवत होती. मी आत शिरले ती सरळ त्याच्या कानफटात. एक, दोन, तीन. त्याने हात वर केले नाहीत. केस धरून भिंतीवर डोकं आपटलं त्याचं. “तुला मारून टाकतील रे! डोळे काढतील! बापाच्या नदीत कांडी टाकतोस?” तो रडायला लागला, लहानपणी रडायचा तसा, नाक ओढत. म्हणाला, ताई शप्पथ, परत नाही. मी त्याच्याच कपातला चहा प्यायले आणि घरी आले. मला वाटलं, झालं, जिरली.

कसली जिरते! मी त्याला मारलं होतं, पण दोरीही बांधली होती, आणि त्याने दोरी लक्षात ठेवली. तीन आठवड्यांनी परत पेटी आली. परत कणा मोडका. परत माझा अंगठा. त्याने वरून डोळा मारला. नालायकाने डोळा मारला! तळपायाची आग मस्तकात गेली, पण मुकादम तिथेच उभा होता आणि मी दोरी बांधली. अशा पाच पेट्या झाल्या. निळ्या दोरीचा मासा म्हणून लोक डोळे झाकून घेऊन गेले. रोज निघताना ठरवायचे, आज ओरडायचं. रोज त्याचा चेहरा दिसला की शिट्टीचे दात आणि म्हाताऱ्याचा डोळा आठवायचा, आणि हात दोरीकडे जायचा.

मग डोह भरायचे दिवस आले. पाणकावळे कड्यावर रांगेने येऊन बसले, म्हणजे खाली राण्या जमल्यात. त्या आठवड्यात सगळे जाळेवाले नावा काठावर ओढून ठेवतात.

चौथ्या दिवशी सकाळी बाजार ऐन भरात होता आणि धाकट्याची बायको गर्दीतून वाट काढत ओट्याशी आली. अनवाणी होती. “वन्सं,” ती माझ्या कानाशी म्हणाली, “हे पिशवी घेऊन गेलेत. डोहावर. सहा कांड्या आहेत. म्हणाले, एका दिवसात वर्षाचं काम होतं, आणि ताई आहे ना पेट्या बघायला.”

ताई आहे ना. मी कोयता हातात घेऊनच उठले. का घेतला ते मला माहीत नाही, वीस वर्षं हातात आहे, हातातच राहिला. बर्फवाल्याची तीनचाकी उभी होती, तिच्यात बसले आणि म्हटलं, “कड्याकडे. आणि तोंड उघडलंस तर बघ.” त्याने कोयता बघितला आणि गाडी अशी पळवली की मागच्या अर्ध्या बर्फाच्या लाद्या रस्त्यात सांडल्या.

कड्याजवळ उतरले आणि पहिला धमाका झाला. जमीन पायाखाली हलली. सगळे पाणकावळे एकदम उडाले. मी घसरत, ओरबाडत खाली गेले. डोहाचं पाणी गढूळ होऊन उसळत होतं आणि त्यावर पांढरी पोटं वर येत होती, एक, दहा, मोजता येईनात एवढी. राण्या होत्या. काही माझ्या मांडीएवढ्या जाड. काही अजून मेल्या नव्हत्या, कणा मोडलेल्या, गोल गोल फिरत होत्या. फाटलेल्या पोटांतून अंडी बाहेर येऊन पाण्यावर मोहरी सांडल्यासारखी पसरली होती. एक कासव काठावर उलटं पडून पाय हलवत होतं. मी वीस वर्षांत हजारो मासे उघडलेत, मला कधी मळमळलं नाही. तिथे मी ओकले.

धाकटा खडकावर उभा होता. मला बघून हसला. “ताई! बरं झालं आलीस, काढायला माणूस हवंच होतं. जोडीदार पळाला भित्रट.”

“पिशवी इकडे दे.”

“अजून पलीकडचा अर्धा डोह आहे, ताई. तिकडे नुसत्या खचाखच. हे बघ, आज झालं की संपलं. परत कधी नाही.”

“पिशवी दे म्हणते ना!”

“आणि खाऊ काय? दगड?” तो एकदम भडकला. “बाप नदीकडे बघत बसला आणि आपण उपाशी झोपलो. तूच झोपवलंस ना मला पाणी पाजून? मी नाही टाकली कांडी तर दुसरा टाकेल. आणि फार शहाणपणा शिकवू नकोस, पाच पेट्यांना दोरी कुणी बांधली?”

मी त्याच्या अंगावर गेले. पिशवी ओढली, त्याने मला ढकललं. जोरात ढकललं, बहीण म्हणून नाही. कपाळ खडकावर आपटलं आणि डोळ्यात रक्त उतरलं. मी त्याचा पाय धरला तर त्याने दुसऱ्या पायाने बरगडीत लाथ घातली. आत काहीतरी कटकन मोडलं. तो वाकला, पिशवी खडकावर ठेवली, डाव्या हाताने तिचं तोंड सोडायला लागला, आणि उजवा पंजा तोल सावरायला खडकावर टेकवला. फेकायचा हात. माझ्या तोंडासमोर.

मी कोयता फिरवला, त्याच्या बोथट पाठीने, आणि त्या पंजावर मारला.

तो असा ओरडला की कड्यावरून आवाज परत आला. पहिला फटका रागाने मारला होता. मग मी थांबले. एक श्वास घेतला. मनात म्हटलं, हा बरा होईल, एक महिन्यात बरा होईल, पुढच्या वर्षी परत इथे उभा राहील, आणि मी परत दोरी बांधेन. कारण मी बांधेनच. मला माझी खात्री नव्हती. दुसरा फटका मी विचार करून मारला. बोटांची हाडं पिचल्याचं मला दांड्यातून कळलं, माझ्या हाताला हाडं कळतात.

मग फडकं फाडून त्याचा पंजा बांधला. तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून कण्हत होता, आणि मी त्याला म्हणत होते, झालं हं, झालं बाळा, झालं. बर्फवाल्याने आणि मी त्याला वर चढवला. बर्फाच्या लाद्यांवर झोपवून दवाखान्यात नेला. पिशवी खाणीतल्या माणसांनी येऊन नेली. पलीकडच्या अर्ध्या डोहातल्या राण्या दोन दिवसांनी वर गेल्या, असं जाळेवाले म्हणाले. मी बघायला गेले नाही.

डॉक्टरांनी दोन बोटं काढली. म्हणाले, उरलेल्या हाताने काही धरता येणार नाही. विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडणार तेवढ्यात धाकटा म्हणाला, “खाणीत दगड पडला.” आणि माझ्याकडे न बघता भिंतीकडे तोंड केलं. तेव्हा मला रडू फुटलं. डोहावर नाही, तिथे फुटलं. आमच्या घरात एकमेकांसाठी असं खोटं बोलायची रीत मीच पाडली होती, आणि तो ती पाळत होता.

दुसऱ्या दिवशी बरगड्यांना पट्टा बांधून मी बाजारात गेले. पेट्या रांगेत लागल्या होत्या. मी सुरी हातात घेतली नाही. ओट्यावर चढले आणि ओरडले, आणि माझं ओरडणं रस्त्यापर्यंत जातं. “धाकट्याच्या पाच पेट्या कांडीच्या होत्या. मी बघितल्या आणि मी दोरी बांधली. काल डोह फोडला तोही त्याने. त्याचा हात मी मोडलाय. माझं काय ते तुम्ही बघा.”

मी खाली उतरले, बर्फाच्या हौदाला जाऊन टेकले आणि मुकादमाला म्हटलं, “चल. अकरा.”

“मावशी, असं काय करतेस? तू बाईमाणूस, त्यात वयाने…”

“म्हाताऱ्याचं वय विचारलं होतंस? हात काय भाड्याने दिलास? उचल फळी!”

मुकादमाने फळी उचलली आणि तशीच धरून ठेवली. हमाल एकमेकांकडे बघायला लागले. मग गर्दीतून शिट्टीची बायको पुढे आली. बारीक, हडकुळी बाई, बाजारात कधी कुणाशी बोलत नसे. तिने मुकादमाच्या हातातली फळी काढून घेतली आणि काही न बोलता मारायला लागली. पहिली खांद्यावर, दुसरी पाठीवर, तिसरी पट्टा बांधला होता तिथेच. माझ्या डोळ्यांपुढे काळोख आला आणि मी गुडघ्यांवर बसले. तिने मारलेल्या मी मोजल्या नाहीत. ती रडत होती आणि शिव्या देत होती, आणि तिच्या शिव्यांत एकही खोटी नव्हती. “माझ्या माणसाला भात चावता येत नाही,” ती म्हणत होती, “तुझा भाऊ तेवढा भाऊ होय गं?”

मग तिची दमछाक झाली. फळी हातातून पडली. ती माझ्या शेजारीच ओल्या फरशीवर बसली, धापा टाकत. पेट्या तशाच रांगेत होत्या, त्यांतलं बर्फ वितळायला लागलं होतं, आणि कुणीच पुढे येईना, कारण दोरी बांधायची कुणी?

“आता पेट्या कोण बघणार?” काटेवाल्याने विचारलं. कुणाला येतच नव्हतं ते. वीस वर्षांत मी कुणाला शिकवलं नव्हतं, मिरवायला बरं वाटायचं.

मी शिट्टीच्या बायकोचा हात धरून तिला उठवलं, म्हणजे खरं तर तिने मला उठवलं. ठोकळ्यापाशी नेलं आणि सुरी तिच्या हातात दिली. तिने माझ्याकडे बघितलं. सुरी तिच्या हातात आणि मी रिकाम्या हातांनी तिच्यासमोर, तिच्या मनात काय आलं असेल ते मला समजलं. मी म्हटलं, “पेटीच्या तळातला घे. वरचा कधी घ्यायचा नाही.”

तिने तळातला मासा काढला. मी तिच्या हातावर हात ठेवून पोट उघडलं, हवेची पिशवी दाखवली, मणक्यावरून तिचं बोट फिरवलं. “हा धड आहे. गाठी लागतात बघ बोटाला, सगळ्या सरळ. मोडका असला की मध्येच बोट आत जातं. आणि रक्त असलं तर काळं असतं, गोठलेलं. ते अंगठ्याने सहज पुसलं जातं.”

तिने बोट दोनदा फिरवून बघितलं. मग हळूच विचारलं, “आणि घरच्याची पेटी आली तर?”

शिट्टी गर्दीच्या कडेला उभा होता. जाळं गहाण पडल्यापासून तो खाणीत कामाला जात होता, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं.

“तेव्हा अंगठा मुठीत दाब,” मी म्हटलं, “आणि ओरड. पण फळ्या मारायच्या नाहीत, तो नियम मी आज मोडतेय. फक्त पेटी गटारात घाल आणि त्याला घरी घेऊन जा.”

तिने मान हलवली, दुसरी पेटी जवळ ओढली आणि तळात हात घातला.